शिशाचा प्लग

मंगफ (कुवेत), रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. अंतरा,

फोनवर तू मला ब्लॉक केलं आहेस, म्हणून ही ईमेल. ईमेल ब्लॉक करायची राहून गेली असेल किंवा मुद्दाम ठेवली असशील. मी दुसरं धरून चालतो. आशीर्वाद लिहिला तर तुला राग येईल, नाही लिहिला तर तुझ्या आईला, तेव्हा तो आहे असं समज.

एक बारीकशी गोष्ट विचारायची आहे. ऑगस्टमध्ये तू पुण्याहून सुट्टीवर आली होतीस, तेव्हाचा तो शेवटचा शुक्रवार आठव. हॉलमध्ये पाहुण्यांच्या गादीवर बू सालेमच्या इंजिनाचा बॉयलर होता. बू सालेम म्हणजे तेच, वफ्राच्या फार्मवाले कुवेती गृहस्थ, ज्यांना तू 'खेळण्यातले आजोबा' म्हणायचीस. त्यांच्या वेडापायी मी दोन वर्षं सुट्टीचे दिवस कानस घेऊन बसलो. अठराशे बाहत्तर सालचं अमेरिकन इंजिन, आठव्या हिश्शात. पुढे चार छोटी चाकं, मागे चार मोठी. मूळ इंजिनाचं मोठं चाक बासष्ट इंची, आपलं पावणेआठ. मूळ सिलिंडर सोळा इंच रुंद आणि दट्ट्याची धाव चोवीस, आपला दोन आणि तीन. मूळ बॉयलरमध्ये वाफेचा दाब एकशे तीस पौंड, आपल्यात शंभर. समोर गाईगुरं बाजूला सारायची जाळी, वर फुग्यासारखं धुराडं. तुला हे सगळं ऐकून ऐकून पाठ आहे. तरी लिहिलं, कारण मलाही हे सगळं आठवतंय. आठवत नाही ती एकच गोष्ट.

त्या दिवशी आपण बॉयलरची पाण्याची टेस्ट घेतली. टेस्टपुरता मी शिशाच्या प्लगच्या जागी भरीव पितळी प्लग लावला होता. टेस्ट झाल्यावर तो काढून शिशाचा परत लावला का? तू सोफ्यावर बसली होतीस. हो की नाही, एवढंच कळव. घाई नाही.

बाबा

बुधवार, १९ नोव्हेंबर

अंतरा,

घाई नाही असं लिहिलं होतं. घाई आहे.

तू केमिकलवाली, तुला प्लगचं महत्त्व सांगायला नको, पण मी भीतीने बडबडतो हे तुला माहीत आहे. इंजिनाच्या मागच्या अंगाला भट्टी. भट्टीच्या डोक्यावर तांब्याचा पत्रा आणि त्या पत्र्यावर कायम पाणी हवं. पाणी आहे तोवर पत्रा सुरक्षित. पाणी खाली गेलं की तोच पत्रा तापून मऊ पडतो आणि वरची वाफ त्याला फाडून बाहेर येते. जुन्या अमेरिकेत अशी किती इंजिनं फुटली आणि किती माणसं भाजून मेली, ते वाचताना मी तुला रंगवून सांगायचो आणि तुझी आई ओरडायची, पोरीला जेवताना कसलं सांगता म्हणून. यावर उपाय म्हणजे तो प्लग. पितळेचा, पण मधोमध शिसं ओतलेला. पाणी कमी झालं की आधी शिसं वितळतं, त्या भोकातून वाफ भट्टीत उतरते आणि आग विझते. इंजिन बंद पडतं, माणसं वाचतात. त्या भोकात भरीव पितळ असेल तर काही वितळत नाही. मग पत्राच जातो.

रविवारी रात्रपाळीच्या आधी आमच्या शटडाऊनचं रजिस्टर बंद करत होतो. इथे मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीत काम सुरू करण्याआधी पाइपांच्या मध्ये लोखंडी चकत्या घालून वाट बंद करतात. त्यांना ब्लाइंड म्हणतात. घातलेली प्रत्येक चकती रजिस्टरमध्ये लिहायची, काढली की समोर सही. आमचा रफीक, तो रत्नागिरीचा, एकेक नंबर वाचत होता आणि मी सही बघून 'काढली' म्हणत होतो. एकशे चौदा चकत्या. साठ-सत्तरच्या आसपास मी 'काढली' म्हणायचा थांबलो. घरच्या टेस्टला रजिस्टर नव्हतं. तीस वर्षं माझ्या घातलेल्या चकत्या दुसरं कोणीतरी मोजतं, म्हणून स्वतः मोजायची सवयच मला नाही.

तू म्हणशील, ऑक्टोबरमध्ये इंजिन वाफेवर चालवून दिलं ना? दिलं. रूळ सपाट होते आणि पाणी काठोकाठ होतं. परवा फार्मच्या राखणदाराने व्हिडिओ पाठवला. बू सालेमनी मातीचा उंचवटा करून घेतला आहे, वर छोटा पूल, आणि पलीकडे उतार. उतारावर इंजिनाचं नाक खाली गेलं की पाणी पुढे धावतं आणि मागे भट्टीवरचा पत्रा उघडा पडतो. इंजिन चालवणार त्यांचा पुतण्या फैसल. तो सगळं व्हिडिओ बघून शिकला आहे. अठ्ठावीस तारखेला, शुक्रवारी, नातीचा वाढदिवस. तीन डबे जोडून मुलांना फिरवणार.

माझ्या हत्यारांच्या डब्यात शोधलं. शिशाचा एक प्लग सापडला. पण मी असे दोन केले होते की तीन, आठवत नाही. पितळी कुठेच नाही. त्या दिवशी नंतर थोडी वादावादी झाली, पाना माझ्या हातून सुटला, काच फुटली, आणि आईने काचांबरोबर गादीवरचं बारीकसारीक सगळं झाडून टाकलं. त्यामुळे पुरावा म्हणशील तर तूच आहेस.

आईला विचारलं. ती म्हणाली, "काढला असणारच. तुमचं कधी चुकतं का?" तेवढ्याने दोन घास गेले.

बाबा

शनिवार, २२ नोव्हेंबर

अंतरा,

मेल उघडलीस हे मला दिसत नाही, पण उघडत असशील असं वाटतं. तू लहानपणीही रुसलीस तरी दाराआडून ऐकायचीस.

काल वफ्राला जाऊन आलो. राखणदाराला सांगितलं, पितळेला पॉलिश करायचं राहिलं आहे. काचेची शेड आहे, इंजिन आत मखरात बसवल्यासारखं उभं. कुलूप. किल्ली बू सालेमकडे आणि बू सालेम लंडनला, गुरुवारी येणार. मी काचेला नाक लावून उभा राहिलो. आपणच केलेल्या वस्तूची एवढी भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. हातभर अंतरावर होतं आणि मला त्याच्या पोटातलं बघता येत नव्हतं.

तिथूनच त्यांना फोन लावला. म्हटलं, शुक्रवारी चालवण्याआधी एकदा नजर टाकतो. ते हसले. मला ते मुहंदिस, म्हणजे इंजिनीअर म्हणतात. म्हणाले, "या मुहंदिस, तुझं सर्टिफिकेट मी फ्रेम करून लावलंय. आता तू पाहुणा म्हणून ये आणि केक खा. खलास."

या सर्टिफिकेटचं मी तुला सांगितलं नव्हतं. त्यांनी इंजिन दुकानातून घेतल्यासारखा कागद मागितला, आणि मी कंपनीच्या फॉर्मवर लिहून दिलं. टेस्ट घेतली, सर्व फिटिंग्ज तपासल्या. खाली माझा इन्स्पेक्टरचा शिक्का. कफील, म्हणजे व्हिसाचा जामीनदार एक, काम दुसऱ्याचं, आणि वर शिक्का तिसऱ्याच कामाचा. हे बाहेर आलं तर शिक्का जाईल, नोकरी जाईल, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द होईल. बावन्नाव्या वर्षी दोन बॅगा घेऊन विमानतळावर. म्हणून मी फोनवर खरं बोललो नाही.

आज जेवणाच्या सुट्टीत रफीकला विचारलं. माझं म्हणून नाही, असंच, एखाद्याचं असं झालं तर काय करायचं म्हणून. तो भाकरी मोडत म्हणाला, "उल्हासभाई, काढल्याची सही नाय ना? मग ती आत आहे. आठवणीवर लाइन चालू करायची नाय." मी म्हटलं, आणि नव्व्याण्णव टक्के काढली असेल तर? तो म्हणाला, "तुम्हीच शिकवलंत मला हे. तुमचीच परीक्षा घेऊ काय?" आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं. त्याला कळलं असावं. चोराच्या मनात चांदणं.

आणि आणखी एक. पाना हातून सुटला असं मी लिहिलं. सुटला नव्हता.

बाबा

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अंतरा,

तीन दिवस राहिले. झोप लागत नाही हे काही नवीन नाही, पण आता जागेपणीही मुलं दिसतात. व्हिडिओत राखणदाराने डबे दाखवले होते. लाल गाद्या, दोन्ही बाजूंना पाय सोडून बसायचं. पहिला डबा भट्टीपासून दीड हातावर. फैसल त्याच्याही पुढे, कोळशाच्या डब्यावर, भट्टीच्या दाराशी तोंड करून.

काल ऑफिसात एका वाफेच्या लाइनने नेहमीसारखी शिट्टी मारली तर मी टेबलाखाली वाकलो. सगळे हसले. मीही हसलो. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते या वयात कळतंय.

मी आता तुला सरळ लिहितो. मला खरं काय झालं ते नको आहे. मला तुझं 'हो' हवं आहे. तू 'हो' लिहिलंस की मी शुक्रवारी केक खायला जाईन, नाहीतर ताप आला म्हणून घरी पडून राहीन, आणि संध्याकाळी सगळं ठीक झालं असं कळलं की विषय संपेल. बहुतेक ठीकच होईल. दहा वेळा गाडी फिरली आणि पाणी नीट भरलेलं असलं तर प्लगला कामच पडत नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं आहे की आता ऐकायला दुसरा आवाज हवा.

आणि पाना मी फेकला होता. तुझ्याकडे नाही, भिंतीकडे, पण तू भिंतीजवळ होतीस. तुझ्या इथल्या नोकरीसाठी मी शब्द टाकला होता आणि तू मला न विचारता त्यांना नकार कळवून मोकळी झाली होतीस. चोवीस वर्षांत तू मला पहिल्यांदा 'नाही' म्हणालीस. तुझ्या कानापासून वीतभर अंतरावर कपाटाची काच फुटली. तू ओरडली नाहीस. मला अजून आठवतं ते हेच, की तू ओरडली नाहीस. जणू तुला हे होणार हे ठाऊक होतं.

उत्तर दे. एक अक्षर दिलंस तरी चालेल.

बाबा

गुरुवार, २७ नोव्हेंबर, दुपार

अंतरा,

तुझं उत्तर आलं. नव्वद दिवसांनी तुझं नाव स्क्रीनवर दिसलं आणि मी ऑफिसच्या जिन्यात बसून वाचलं. इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे मी चुकीचं वाचलं नाही हे तुला कळेल. 'हो बाबा. टेस्ट झाल्यावर तुम्ही पितळी प्लग काढला आणि शिशाचा लावला. मी पाहिलं. वरून लावलात, मोठ्या पान्याने. काळजी करू नका.'

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रडू आलं. वाटलं, सुटलो. बसच्या रांगेत उभा राहिलो, लोकांना पुढे जाऊ दिलं, एका बंगाली पोराला खिशातलं चॉकलेटही दिलं.

बस फहाहीलला पोहोचेस्तोवर दुसऱ्यांदा वाचलं.

अंतरा, तो प्लग वरून लावताच येत नाही. वर बॉयलरचं पोट आहे, चारी बाजूंनी बंद. तो खालून, भट्टीच्या आतून लावतात. त्यासाठी बॉयलर गादीवर उलटा करावा लागतो आणि भट्टीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो. ते कोणी पाहिलं असेल तर 'वरून' असं लिहिणार नाही. तू काही पाहिलेलं नाहीस. मी मागितलं ते तू दिलंस.

मी तुझ्यावर रागावलो नाही. हे वाचून तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून पुन्हा लिहितो. रागावलो नाही. मी घाबरलो आहे, आणि यावेळी इंजिनाला नाही.

घरी आल्यावर आईला पुन्हा विचारलं. यावेळी तिच्यासमोर खाली बसून, हळू आवाजात. "सुनेत्रा, तू तो प्लग बदलताना खरंच बघितलंस?" ती कोथिंबीर निवडत होती. मग म्हणाली, "प्लग म्हणजे काय तेसुद्धा मला माहीत नाही हो. तुम्ही विचारलंत, तुमचा चेहरा तसा होता, मग हो म्हणाले. या घरात दुसरं काय म्हणायचं असतं?" आणि कोथिंबीर निवडत राहिली.

या घरात माझ्याशिवाय दोनच माणसं, आणि दोघींनी मला हो म्हटलं. दोघींनी काहीच पाहिलं नव्हतं. तुम्ही दोघी आयुष्यभर हेच करत आला आहात आणि मी ते प्रेम समजत आलो, आदर समजत आलो. गेले अकरा दिवस मी ज्या भीतीत आहे, फुटेल की नाही, कधी फुटेल, त्यात तुम्ही वीस-पंचवीस वर्षं राहिलात.

रफीक म्हणतो तेच खरं. सही नाही म्हणजे आत आहे. उद्या सकाळी वफ्राला जातो.

बाबा

शनिवार, २९ नोव्हेंबर

अंतरा,

कोणालाही काही झालेलं नाही. हे आधी लिहितो. पुढचं नंतर वाच.

रफीकने गाडी काढली. काही न विचारता आला. आई पण आली, तीही न विचारता, मागे बसली. पोहोचलो तर फैसलने भट्टी पेटवलेली होती. दाबाचा काटा साठावर. पहिल्या डब्यात पाच-सहा मुलं आधीच चढून बसली होती, वाढदिवसाची मुलगी सगळ्यात पुढे, डोक्यावर कागदी मुकुट. उतारावर दोन्ही बाजूंना फुगे लावले होते.

मी घरून ठरवलेलं सगळं विसरलो. बू सालेम हसत हात पसरून आले आणि मी म्हटलं, मुलांना उतरवा. त्यांना वाटलं थट्टा. मी म्हटलं, आग काढा. तो कागद मी न बघता लिहिला आहे.

अंतरा, माझा आवाज चढला नाही. चढवायची ताकदच नव्हती. रफीकने कोपराला धरलं होतं. बू सालेमनी हात खाली घेतले. मग अरबीत काहीतरी म्हणाले आणि बायका येऊन मुलांना उचलून घेऊन गेल्या. मुकुटवाली रडायला लागली. फैसल चिडून निखारे बाहेर ओढत होता. सगळी माणसं मला बघत होती आणि मी खुर्चीवर बसून इंजिन थंड व्हायची वाट बघत होतो. दोन तास. तेवढ्यात मुलांनी केक कापला, झोके घेतले आणि आम्हाला विसरून गेली. आम्हाला तिघांना कोणीतरी पाणी आणून दिलं.

दोन तास मी मनात म्हणत होतो की शिशाचा निघू दे. मग फार तर मी वेडा ठरलो असतो. वेड्याला माफ करतात.

बॉयलरचं पाणी सोडून इंजिन फळ्यांवर उचललं. खालची जाळी काढली, भट्टीत हात घातला. बोटाने प्लग सापडला. शिसं असतं तर नख रुतलं असतं. नख रुतलं नाही. तरी मी तीन वेळा दाबून पाहिलं, नख मोडेपर्यंत. मग पान्याने काढून बू सालेमच्या तळहातावर ठेवला. भरीव पितळ.

त्यांनी त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. जुन्या इंजिनांचा त्यांचा अभ्यास माझ्याहून जास्त आहे, दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. ते उठून झोक्यांकडे गेले, नातीला कडेवर घेतलं आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. म्हणाले, "तू आलास म्हणून मी तुझे आभार मानतो. पण कागदावर कंपनीचं नाव आहे, ते मला कळवावं लागेल." मी म्हटलं, मीच कळवतो. उद्या रविवारी सकाळी शिक्का मॅनेजरच्या टेबलावर ठेवणार आहे. त्यानंतर काय होतं ते तुझ्या आईला आणि मला साधारण माहीत आहे. जानेवारी उजाडायच्या आत इथून निघावं लागेल.

परत येताना आई गाडीत म्हणाली, "मी पुण्यात तुमच्याबरोबर राहीन की नाही, ते मला अजून ठरवायचं आहे." पंचवीस वर्षांच्या संसारात असं वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नव्हतं. रफीकने रेडिओचा आवाज वाढवला. मी काचेबाहेर बघत राहिलो आणि म्हटलं, बरं.

आता तुझ्याबद्दल. तू खोटं लिहिलंस याचा दोष तुझा नाही. मी तुला तसंच वाढवलं. पण तुझ्या त्या 'हो'च्या भरवशावर मी घरी थांबलो असतो तर काय झालं असतं ते मी लिहू शकत नाही. तीनदा लिहिलं आणि खोडलं.

पुण्याला आलो की तुला भेटायला येऊ का, हे विचारायचं आहे. लगेच उत्तर देऊ नकोस, दोन दिवस थांब. माझा चेहरा आठवून उत्तर देऊ नकोस. यावं असं वाटलं तर 'हो' लिही. वाटलं नाही, तर 'नाही' लिही, कारण लिहू नकोस, काळजी करू नका असंही लिहू नकोस. कालच्यापेक्षा मला आत्ता जास्त भीती वाटते आहे, पण 'नाही' आलं तर मी ते पूर्ण वाचीन आणि तुला पुन्हा विचारणार नाही.

बाबा